गोल्डन रॉड : अंगणातील सोनेरी पाहुणा व त्याची निगा
(धामणगाव बढे, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा, या परिसरातील प्राथमिक शिक्षकांसाठी भाषणाचा मजकूर)



प्राथमिक शाळेची बाग ही शाळेच्या इमारतीइतकीच शाळेची ओळख असते. धामणगाव बढे परिसरात पाऊस चार महिन्यांचा, उन्हाळा कडक आणि जमीन बहुतांशी काळी. अशा ठिकाणी बाग राखणे हे कष्टाचे काम आहे. शालेय पोषण आहाराच्या निमित्ताने अनेक शाळांनी परसबागा केल्या आहेत. त्यांत मेथी, पालक, वांगी, शेवगा यांना अग्रस्थान मिळते आणि ते मिळालेच पाहिजे. तथापि त्या वाफ्यांच्या कडेला एक लहानसा वाफा फुलांचा असावा, अशी इच्छा बहुतेक शिक्षकांना व विशेषतः मुलींना असते. कमी पाण्यावर, कमी खर्चात व फारशी कटकट न करता जी फुलझाडे येतात, त्यांत गोल्डन रॉड या झाडाचा समावेश करता येतो. प्रस्तुत भाषणात या झाडाची ओळख, लागवड व निगा यांचा विचार करावयाचा आहे. त्याबरोबरच परक्या देशातून आलेले झाड घरी लावणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, याचाही विचार करावयाचा आहे. हा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

झाडाची ओळख

लग्नमंडपाच्या सजावटीत अथवा सत्काराच्या पुष्पगुच्छात गुलाबाच्या व जरबेराच्या मागे पिवळ्या बारीक फुलांचे जे नाजूक तुरे खोचलेले दिसतात, ते बहुधा गोल्डन रॉडचे असतात. फूलबाजारात हे झाड याच नावाने ओळखले जाते. शास्त्रीय भाषेत त्याच्या कुळीला सॉलिडॅगो म्हणतात. हा शब्द सांधणे, बरे करणे अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे, कारण युरोपात या कुळीतील एक जात पूर्वी जखमेवर औषध म्हणून वापरीत असत. या कुळीत शंभराहून अधिक जाती असून त्यांतील बहुतेक उत्तर अमेरिकेतील आहेत. अमेरिकेतील नेब्रास्का व केंटकी या राज्यांचे ते राज्यपुष्प आहे. भारतात फुलांसाठी लावतात ते मुख्यतः सॉलिडॅगो कॅनडेन्सिस ही जात व तिच्या संकरातून निघालेले वाण होत.

झाड बहुवर्षायू आहे. जमिनीलगत पानांचा झुबका असतो व त्यातून सरळ, ताठ दांडे वर येतात. दांडा कमरेइतका, कधी छातीइतका उंच होतो. पाने अरुंद, भाल्याच्या पात्यासारखी व कडेला बारीक दातेरी असतात. शेंड्याकडे दांड्याला बाजूच्या फांद्या फुटतात आणि त्यांवर पिवळ्या फुलांची दाटी होते. यातील प्रत्येक टिकलीएवढे फूल म्हणजे प्रत्यक्षात अनेक अतिसूक्ष्म फुलांचा गुच्छ असतो. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, करडई आणि बांधावरची एकदांडी या सर्वांची घडण अशीच असते, म्हणून ही सर्व झाडे एकाच कुलातील मानली जातात. मुलांना झेंडूचे फूल उकलून दाखविल्यास ही गोष्ट लगेच समजते. त्यानंतर भिंगाखाली गोल्डन रॉडचे एक फूल धरावे, म्हणजे तीच रचना लहान आकारात दिसते.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळा सरता सरता सोनकीची पिवळी फुले फुलतात. सोनकी याच कुलातील असली तरी ती या मातीतील स्वतंत्र वनस्पती आहे. ती गोल्डन रॉड नव्हे. रंग सारखा म्हणून नाव सारखे देऊ नये, ही सवय मुलांना आरंभापासून लागावी.

जागा, जमीन व वाफा

गोल्डन रॉडला दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन लागते. सावलीत दांडे लांबट व कमजोर होतात आणि फुले थोडी येतात. जमीन मध्यम, भुसभुशीत व पाण्याचा निचरा होणारी असावी. धामणगाव बढेसारख्या गावात हीच मुख्य अडचण आहे. काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, चिकट होते आणि मुळांना हवा मिळत नाही. अशा जागी झाड वरून हिरवे दिसते, परंतु बुडाशी कुजू लागते. यास्तव काळ्या जमिनीत सपाट वाफा न करता गादीवाफा करावा. त्याची उंची एक वीत पुरे. मातीत नदीकाठची अथवा ओढ्यातील रेती व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. कच्चे शेण घालू नये. त्याने हुमणी व वाळवी येण्याचा संभव असतो.

शाळेसाठी तीन मीटर लांब व एक मीटर रुंद असा एक वाफा पुष्कळ होतो. दोन झाडांत व दोन ओळींत तीस सेंटिमीटर अंतर ठेवल्यास लांबीच्या बाजूने दहा व रुंदीच्या बाजूने तीन, अशी एकूण तीस झाडे त्यात बसतात. वाफा आखणे, दोरी धरणे, अंतर मोजणे आणि झाडांची संख्या आधी कागदावर काढणे हे सर्व चौथीच्या मुलांचे गणित आहे. ते त्यांच्याकडूनच करून घ्यावे. घरच्या अंगणात जागा नसल्यास मोठी कुंडी, फुटका माठ अथवा तेलाचा रिकामा डबाही चालतो. मात्र त्याच्या तळाला छिद्रे पाडून वर खापऱ्या ठेवाव्यात.

लागवड

शेवंतीची लागवड ज्यांनी केली आहे, त्यांना गोल्डन रॉडची लागवड नव्याने शिकावी लागत नाही. शेवंतीच्या बुडाशी जशा काश्या फुटतात, तशाच याच्याही फुटतात. फुले काढून झाल्यावर जुन्या झाडाभोवती आलेल्या या काश्या मुळ्यांसकट अलगद सुट्या कराव्यात व नवीन वाफ्यात लावाव्यात. बियांपासूनही झाडे होतात, परंतु त्यांना वेळ लागतो आणि सर्व झाडे सारखी येतीलच असे नसते. ज्यांच्याकडे जुने झाड नाही, त्यांनी रोपवाटिकेतून पाच-सहा रोपे आणावीत; वर्षभरात तीच वाफा भरण्याइतकी होतात.

लागवड पावसाच्या आरंभी, म्हणजे जून-जुलै महिन्यांत करावी. एक-दोन चांगले पाऊस होऊन जमीन ओली झाली म्हणजे काश्या लवकर धरतात. फार पाऊस असताना लावू नयेत. लावताना मुळे सरळ खाली सोडावीत, बुंधा जमिनीच्या पातळीशी असावा आणि भोवतालची माती हाताने दाबावी. संध्याकाळच्या वेळी लावल्यास रोप कोमेजत नाही.

याला फुले केव्हा येतात, हेही मुलांना सांगण्याजोगे आहे. २१ जूननंतर उत्तर गोलार्धात दिवस लहान व रात्री मोठ्या होऊ लागतात. रात्र पुरेशी लांबली म्हणजे हे झाड पाने वाढविणे थांबवून फुलोऱ्यास लागते. म्हणून जूनमध्ये लावलेल्या झाडास दसरा-दिवाळीच्या सुमारास फुले दिसू लागतात. झाडाला दिनदर्शिका कळत नाही. ते अंधाराची लांबी मोजते. मुलांनी सूर्योदय व सूर्यास्त यांच्या वेळा फळ्याच्या कोपऱ्यात दर आठवड्याला लिहिल्या आणि शेजारी झाडाची स्थिती नोंदविली, तर त्यांना हा संबंध स्वतःलाच सापडेल.

निगा

पहिला महिनाभर तण काढणे हे मुख्य काम आहे. एकदा झुबका भरला म्हणजे तण आपोआप कमी होते. पावसाळ्यात पाणी देण्याची गरज नसते. वाफ्यात पाणी साचले तर उलट चर काढून ते बाहेर काढावे. हिवाळ्यात बेताने व उन्हाळ्यात त्याहून अधिक वेळा, सकाळी अथवा संध्याकाळी पाणी द्यावे. ज्या गावी उन्हाळ्यात पिण्याचे पाणीच मोजून येते, तेथे फुलझाडासाठी वेगळे पाणी मागणे योग्य नाही. मुले जेवणापूर्वी हात धुतात ते साबण नसलेले पाणी, अथवा भाजी व तांदूळ धुतलेले पाणी एका चराने वाफ्यात सोडावे. बुंध्याभोवती वाळलेला पालापाचोळा, सोयाबीनचे कुटार किंवा बारीक केलेल्या तुराट्या पसराव्यात. त्याने ओल टिकते व पाणी निम्म्यावर भागते.

खताच्या बाबतीत हात आखडता असावा. झाड अशक्त दिसते म्हणून युरिया घालण्याचा मोह होतो; त्याने दांडे लवलवते होऊन वाऱ्याने आडवे पडतात व मावा येतो. लागवडीच्या वेळी शेणखत व फुलोऱ्यापूर्वी एकदा दोन-दोन मुठी गांडूळखत एवढे पुरे होते. दांडे उंच झाल्यावर वाफ्याच्या चार कोपऱ्यांत काठ्या रोवून सुतळीचा एक फेरा द्यावा.

कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसल्यास पाण्याच्या जोरदार धारेने तो धुऊन काढावा. न हटल्यास निंबोळी अर्क वापरावा : पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी फडक्याने गाळावी व झारीने अथवा पिचकारीने शिंपडावी. पानांवर पांढरी भुरी किंवा तांबेऱ्याचे ठिपके आल्यास ती पाने काढून दूर पुरावीत आणि झाडांची दाटी कमी करावी. शाळेच्या बागेत विषारी औषधांची फवारणी करू नये.

तुऱ्यावरील एकतृतीयांश ते निम्मी फुले उमलली म्हणजे दांडा कापावा. धारदार कात्रीने सकाळी कापून लगेच पाण्यात ठेवल्यास फुले आठवडाभर टिकतात. वाळवून ठेवावयाची असल्यास तुरे थोडे आधी कापून, जुडी बांधून सावलीत उलटे टांगावेत. त्यांचा रंग बराच काळ राहतो. फुले संपल्यावर सर्व दांडे जमिनीपासून चार बोटे ठेवून छाटावेत. त्यातून पुन्हा फूट येते. दोन-तीन वर्षांनी झुबका फार दाट होतो, तेव्हा तो उपटून वाटून घ्यावा आणि नवीन जागी लावावा.

एक खोटा आरोप

आता या झाडावर लादलेल्या एका आरोपाकडे वळू जाता, त्यातून वर्गाला मोठा धडा मिळतो.

अमेरिकेत उन्हाळा सरून थंडीची चाहूल लागण्याच्या सुमारास अनेकांना शिंका, डोळ्यांतून पाणी व दम्यासारखा त्रास सुरू होतो. त्यास परागज्वर म्हणतात. त्याच दिवसांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोल्डन रॉड पिवळाधमक फुललेला असतो. लोकांनी पाहिले की फुले दिसतात तेव्हाच त्रास होतो, आणि दोष या झाडाला दिला. हा समज तेथे अजूनही पुष्कळ ठिकाणी आढळतो. परंतु गोल्डन रॉडचे पराग जड व चिकट असतात. ते वाऱ्याबरोबर फारसे उडत नाहीत; मधमाश्या, फुलपाखरे व भुंगे ते अंगावर घेऊन जातात. खरा अपराधी रॅगवीड नावाचे त्याच कुलातील दुसरे झाड आहे. त्याची फुले हिरवट, लहान व कोणाच्या नजरेत न भरणारी असतात. कीटकांना बोलावण्याची त्याला गरज नसते. त्याचे हलके पराग वाराच दूरवर नेतो. दोन्ही झाडे एकाच वेळी फुलतात, म्हणून जे झाड दिसले त्याच्यावर आळ आला आणि जे लपून होते ते सुटले.

ही कथा परदेशातील असली तरी तिचा अनुभव महाराष्ट्रातील गावांना नवा नाही. येथे रॅगवीडची जागा गाजरगवताने घेतली आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम नजरेस आले आणि त्यानंतर देशभर पसरले. काँग्रेस गवत, चटकचांदणी अशीही त्याची नावे आहेत. पाने गाजराच्या पानांसारखी, फुले पांढरी व मोहरीच्या दाण्याहून थोडी मोठी. एका झाडाला दहा ते पंचवीस हजार बिया येऊ शकतात. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगावर खाज व चट्टे उठतात, आणि त्याचे पराग व वाळलेले कण श्वासावाटे गेल्यास काहींना दम्याचा त्रास होतो. पडीत जमीन, रस्त्याची कड, बाजाराची जागा आणि शाळेच्या कुंपणाची मागील बाजू ही त्याची आवडती ठिकाणे होत.

कल्पना करावी की एखाद्या शाळेतील मुलाला शिंका येऊ लागल्या. वाफ्यातील पिवळी फुले सर्वांच्या डोळ्यांसमोर आहेत. भिंतीमागील पांढऱ्या बारीक फुलांकडे कोणाचेच लक्ष नाही. पालक म्हणतील, ही विलायती फुले काढून टाका. शिक्षकाने तसे केले, तर वाफा जाईल, गाजरगवत राहील आणि मुलाचा त्रासही राहील. यास्तव अशा प्रसंगी शिक्षकाने प्रथम मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे, मग शाळेभोवतालची जागा पाहावी आणि त्यानंतरच दोष कोणाचा ते ठरवावे.

हा भेद मुलांना प्रयोगाने दाखविता येतो. मोताळा तालुक्यात मका सर्वत्र दिसतो. फुललेला मक्याचा तुरा काळ्या कागदावर धरून हलकेच झटकावा. कागदावर पिवळी भुकटी पडते आणि फुंकर मारताच उडून जाते. मक्याचे परागीकरण वारा करतो. त्यानंतर गोल्डन रॉडचा तुरा तसाच झटकावा. भुकटी फार थोडी पडते, आणि बोटाला लागली तर चिकटून राहते. त्याच तुऱ्यावर दुपारी उन्हात किती मधमाश्या बसतात, हे मुलांनी दूर उभे राहून दहा मिनिटे मोजावे. फुलोरी व सातेरी या मधमाश्या ओळखण्यास येथेच शिकता येते. गाजरगवत मात्र मुलांच्या हाती देऊ नये. ते फुलावर येण्यापूर्वी, पावसाने जमीन मऊ असताना, हातमोजे घालून व तोंडावर फडके बांधून मोठ्या माणसांनी मुळासकट उपटावे. त्याची पाने खाणारे झायगोग्रामा जातीचे भुंगेरे १९८४ च्या सुमारास भारतात सोडण्यात आले. पावसाळ्यात गाजरगवताची पाने कुरतडलेली दिसल्यास त्या भुंगेऱ्यांना मारू नये.

पाहुणा आणि यजमान

गोल्डन रॉड परागज्वराच्या आरोपातून निर्दोष सुटला, याचा अर्थ त्याच्यात काहीच दोष नाही असा नव्हे. दुसरा एक आरोप त्याच्यावर आहे आणि तो खरा आहे. ज्या देशात त्याचा जन्म झाला नाही तेथे मोकळा सुटल्यास हे झाड आक्रमक होते. युरोपात ते बागेचे भूषण म्हणून नेले गेले आणि पुढे नदीकाठ, रेल्वेचे रूळ व पडीत जमिनी व्यापून बसले. चीनमध्ये १९३५ साली शांघाय येथे शोभेचे झाड म्हणून ते आणण्यात आले. आज तेथे ते शेतीचे व रानाचे शत्रू मानले जाते. स्वित्झर्लंडमध्ये त्याच्या विक्रीस बंदी आहे. त्याची शक्ती दोन प्रकारची आहे. एका झाडाला हजारो हलक्या बिया येतात व त्यांना असलेल्या केसांमुळे त्या वाऱ्याने उडतात. आणि जमिनीखाली आडवी खोडे पसरून एका झुबक्याचे अनेक झुबके होतात. शिवाय त्याची मुळे जमिनीत सोडीत असलेल्या द्रव्यांमुळे शेजारची झाडे खुरटतात.

भारताच्या रानांचा अनुभव याबाबत कडू आहे. घाणेरी अथवा टणटणी हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणले गेले. आज देशभरच्या जंगलांत तिच्या जाळ्या माजल्या आहेत आणि गुरांना व वन्य प्राण्यांना चारा मिळेनासा झाला आहे. तलाव भरून टाकणारी जलपर्णीही तिच्या सुंदर जांभळ्या फुलांसाठीच आणली गेली. या दोन्ही वनस्पती कोणी वाईट हेतूने आणल्या नव्हत्या. बागेच्या कुंपणाबाहेर त्या गेल्यावर काय होईल, हा विचार आणणाऱ्यांनी केला नाही एवढेच.

याच्या उलट उदाहरणही घरोघरी आहे. दसऱ्याला दाराला ज्याचे तोरण लागते तो झेंडू मूळचा अमेरिका खंडातील. तो येथे आला, शेतकऱ्याच्या हाती राहिला आणि सणाचा भाग झाला. तेव्हा परका म्हणून कोणतेही झाड टाकाऊ ठरत नाही आणि सुंदर म्हणून निर्धोकही ठरत नाही. त्याची वागणूक पाहून यजमानाने नियम घालावयाचे असतात.

धामणगाव बढे परिसरातील ओढ्यानाल्यांचे पाणी पुढे पूर्णेच्या खोऱ्यात जाते, आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगा आहेत. जिल्ह्यातच ज्ञानगंगेचे अभयारण्य आहे. वाऱ्यावर उडालेले एक बी किंवा नाल्यात फेकलेला एक झुबका कोठे जाऊन रुजेल, हे सांगता येत नाही. म्हणून गोल्डन रॉड लावणाऱ्या प्रत्येक शाळेने व घराने पुढील नियम पाळावेत :

१. झाड वाफ्यात किंवा कुंडीत लावावे. ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर, गायरानात अथवा डोंगराच्या पायथ्याशी लावू नये.

२. वाफ्याच्या कडेला एक वीत खोल विटा अथवा फरश्या उभ्या पुराव्यात, म्हणजे जमिनीखालची खोडे बाहेर जात नाहीत.

३. फुले पिवळी असतानाच कापावीत. तुरा पांढुरका व केसाळ होऊ लागला की बी तयार होत आहे असे समजावे आणि तो तत्काळ काढावा.

४. छाटलेले दांडे, उपटलेल्या काश्या व मुळे उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकू नयेत. त्या कडक उन्हात पूर्ण वाळवाव्यात आणि मगच खड्ड्यात पुराव्यात.

५. वर्षातून दोन वेळा, पावसाळ्याच्या आरंभी व दिवाळीच्या सुट्टीनंतर, शाळेच्या आवाराबाहेर शंभर पावलांपर्यंत फिरून एखादे रोप उगवले आहे काय हे पाहावे. आढळल्यास मुळासकट काढावे.

६. शाळेत या झाडाची काळजी घेणारे कोणी उरले नाही, तर वाफा मोकळा सोडू नये. सर्व झाडे खणून काढावीत व तेथे झेंडू किंवा शेवंती लावावी.

शेवटचा नियम कठोर वाटेल. परंतु शिक्षकांची बदली होते, मुले पुढच्या शाळेत जातात आणि बाग मागे राहते. ज्याने लावले त्याच्या पश्चात त्या झाडाचे काय होणार, याची व्यवस्था लावतानाच ठरली पाहिजे. शाळेच्या नोंदवहीत या वाफ्याचे एक पान ठेवावे. त्यावर लागवडीची तारीख, झाडांची संख्या, फुले कापल्याची तारीख व आवार तपासल्याची तारीख लिहावी. नवीन येणाऱ्या शिक्षकाला ते पान हाती मिळाले म्हणजे काम खंडित होत नाही.

वर्गातील उपयोग

परिसर अभ्यासाच्या तासाला या एका वाफ्यातून बरेच काही शिकविता येते. वनस्पतीचे अवयव, परागीकरण, ऋतुमान व दिवसमान, कीटकांचे उपकार यांचे उल्लेख वर आलेच आहेत. मोठ्या मुलांना एक इतिहासही सांगावा. विजेचा दिवा घरोघरी नेणारे थॉमस एडिसन यांनी आयुष्याच्या अखेरीस रबराचा ध्यास घेतला होता. अमेरिकेला लागणारे रबर दूरदेशाहून येई. युद्धात ते बंद पडले तर मोटारी थांबतील, ही त्यांना व त्यांचे मित्र हेन्री फोर्ड आणि हार्वे फायरस्टोन यांना चिंता होती. १९२७ साली या तिघांनी मिळून संशोधनसंस्था काढली. हजारो वनस्पती तपासल्यानंतर एडिसन यांनी निवड केली ती गोल्डन रॉडची, कारण त्याच्या पानांत थोडे रबर असते व ते एका हंगामात वाढते. संकर करून त्यांनी पुरुषाच्या दुप्पट उंचीची झाडे तयार केली. १९३१ साली ते वारले; पुढे कृत्रिम रबर निघाले आणि हा प्रयत्न मागे पडला. रस्त्याकडेच्या ज्या झाडाला लोक शिंकांबद्दल दोष देत होते, त्याच्यातच एका वृद्ध संशोधकाने उपयोग शोधला, ही गोष्ट मुलांना विचार करावयास लावते. हजारो नमुने तपासण्याची चिकाटी हाही त्यातील धडा आहे.

भाषेच्या तासाला मुलांनी झाडाचे वर्णन स्वतः पाहून लिहावे. पाठ केलेले निबंध येथे नकोत. फूल पिवळे आहे एवढे लिहून थांबणाऱ्या मुलास दांडा किती वीत आहे, पानाची कड कशी आहे, कोणता कीटक कोठे बसला, हे विचारावे. चित्रकलेच्या तासाला गोल्डन रॉड व गाजरगवत यांची चित्रे शेजारी शेजारी काढून वर्गात लावावीत. ती पालकसभेच्या दिवशी पालकांनाही दाखवावीत. गावातील बऱ्याच जणांना गाजरगवताचा त्रास ठाऊक असतो, परंतु ते फुलण्यापूर्वीच ओळखून काढण्याची निकड ठाऊक नसते. मुलाच्या हातचे चित्र पाहून ती त्यांच्या ध्यानात लवकर येईल.

बंधुभगिनींनो, तीन मीटरचा एक वाफा, पाच-सहा रोपे, पाटीभर शेणखत व हात धुतल्याचे पाणी एवढ्यावर हे काम उभे राहते. धामणगाव बढे परिसरातील शाळांनी यंदाच्या पावसाळ्यात ते हाती घ्यावे. परंतु रोपे आणण्यापूर्वी प्रत्येक शाळेने एक दिवस ठरवून भिंतीमागील गाजरगवत ग्रामस्थांच्या मदतीने काढून घ्यावे, विटांची कड पुरावी आणि नोंदवहीतील पान आखावे. ही तयारी झाल्यावरच पहिली काशी जमिनीत जावी. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी वाफा फुलेल, तेव्हा मुलांनी तुरे कापून गावातील अंगणवाडीत व ग्रामपंचायतीत नेऊन द्यावेत, आणि बी धरण्यापूर्वी वाफा रिकामा करून शिक्षकाकडून नोंदवहीत सही घ्यावी.